सरकीच्या पोत्यांआडचे पाच टेस्ला

मलकापुरात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पाटीवर लिहिलं आहे, ‘सर्व प्रकारच्या मोटारी भरून मिळतील.’ ‘सर्व प्रकारच्या’ हे शब्द पेंटरने स्वतःच्या मनाने टाकले होते, जागा उरली म्हणून. त्या शब्दांनी मला आजवर दोनदा अडचणीत आणलं. पहिल्यांदा दातांचे एक डॉक्टर दाढ कोरायचं यंत्र घेऊन आले. मी ते दुरुस्त केलं आणि त्यांनी उपकाराची फेड म्हणून त्याच यंत्राने माझी दाढ कोरली. दुसऱ्यांदा तायडे मॅडम आल्या. ही हकिकत त्या दुसऱ्या वेळची आहे.

आधी धंदा सांगतो. मोटार जळते म्हणजे आतली तार जळते. विहिरीवरच्या मोटारीत लोखंडाच्या खाचांमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. तो जळाला की तारेला तार टेकते आणि मोटार धूर सोडते. मी जुनी तार उपसतो, वेटोळी मोजतो, तेवढीच नवी तार तेवढ्याच जाडीची भरतो, वार्निश पाजतो, भट्टीत सुकवतो. यात अक्कल थोडी आणि मोजणी फार. मी मोजत असताना कोणी दारातून ‘काय मिस्त्री, कसं काय?’ म्हणालं तर उत्तर देत नाही. लोक मला गर्विष्ठ समजतात. मी तेव्हा एकशे बेचाळीसवर असतो.

शेवटी एक रिवाज आहे, माझ्या उस्तादांनी घालून दिलेला. मोटार गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी ती रिकामी फिरवायची. पंप नाही, पट्टा नाही, नुसती मोटार. चिमट्याच्या मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजायचा. तिन्ही आकडे सारखे आले तरच मोटार दुकानाबाहेर जाते. उस्ताद म्हणायचे, ‘रिकामी असतानी जे खाते, ते तिचं सोताचं. ते आधी माहीत पाह्यजे. नाईतर पुढं दोष पंपाचा का मोटारीचा, हे देवालेबी समजत नाई.’ हे वाक्य मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की काहींना ते पाठ आहे. रोहिणखेडचे श्यामराव पाटील त्यांपैकी एक. ते पुढे येतात, आणि येतात तेव्हा चांगलेच येतात.

तर तायडे मॅडम. गावातल्याच एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. वय चव्वेचाळीस, माहेर धाड गावचं. एका दुपारी स्कूटी लावून त्या दुकानात आल्या आणि वही उघडून एक चित्र माझ्यासमोर धरलं. बोटभर जाडीच्या नळीवर तार गुंडाळलेली.

‘मिस्त्री, असं वेटोळं करून द्याल?’

‘कोणत्या मोटारीचं?’

‘मोटार नाही. नुसतं वेटोळं.’

‘आत लोखंड कोणतं टाकायचं?’

‘काहीच नाही. आत हवा.’

‘मग फिरणार काय?’

‘काही फिरणार नाही.’ त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. ‘प्रकाश फिरेल. थोडासा.’

शटर खाली ओढावं की चहा मागवावा, असा मी क्षणभर विचार केला. चहा मागवला.

चहा गार होईपर्यंत त्यांनी जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. पेन्सिलीतलं शिसं हे शिसं नसतं, ते ग्राफाइट, म्हणजे कार्बन. त्याचे थर असतात, एकावर एक, वहीच्या पानांसारखे. पानात पान घट्ट आहे, पण पान पानाला सैल चिकटलेलं. म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते. अशी पानं सुटी करून काचेवर बसवायची, काच जबरदस्त चुंबकात ठेवायची आणि तीतून प्रकाश सोडायचा. चुंबकामुळे पानातले इलेक्ट्रॉन गोल फिरू पाहतात आणि जाणाऱ्या प्रकाशाला किंचित कलवतात.

‘प्रकाश कलला हे कसं कळणार?’

‘दोरी झटकली की लाट जाते ना? खिडकीचे गज उभे असले तर उभी लाट पार होते, आडवी अडते. माझ्याकडे अशा गजांच्या दोन काचा आहेत. गज डोळ्याला दिसत नाहीत. एक उभी लावायची, एक आडवी. पलीकडे अंधार होतो. मधल्या पापुद्र्यानं लाट थोडी तिरपी केली की अंधारात थोडा उजेड झिरपतो. तो मोजायचा.’

एवढं मोठं चुंबक सतत चालू ठेवायचं तर तालुक्याची वीज लागली असती आणि वेटोळं वितळलं असतं. म्हणून वीज कपॅसिटरमध्ये भरून ठेवायची आणि एकदम सोडायची. धरणाचं दार उघडून लगेच बंद करावं तसं. पापणी लवण्याच्या आत चुंबक येतं आणि जातं. प्रकाशाला तेवढा वेळ पुष्कळ होतो.

‘अन् हे सगळं कायले?’ मी विचारलं.

मॅडमनी वही मिटली. पीएच.डी.साठी सात वर्षं झाली होती, मुदत दोनदा वाढवून मिळाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. मार्गदर्शक सर नागपूरला. ते सहा महिन्यांनी स्वतः येऊन पाहणार होते. दाखवण्यासारखं काही निघालं तर प्रबंध, नाहीतर नोंदणी रद्द.

‘मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत वेळ मागितला होता,’ त्या म्हणाल्या. ‘रांगेत आहे. चार वर्षांपासून.’

मी पाटीकडे पाहिलं. ‘सर्व प्रकारच्या’ तिथेच होतं. हो म्हणालो.

*

पहिलं वेटोळं मी मोटारीच्या सवयीने केलं आणि तीच चूक झाली. अशा वेटोळ्यातला करंट स्वतःच्याच चुंबकाने तारेला बाहेर ढकलतो. मोटारीत हे बळ इतकं थोडं की आम्ही सुती टेप गुंडाळतो, वार्निश पाजतो आणि विसरतो. मी टेप गुंडाळली, वार्निश पाजलं, वरून फुंकर मारली. कॉलेजमागे पत्र्याची एक खोली मॅडमना मिळाली होती. खबरदारी म्हणून मी कापसाच्या जिनिंगवाल्या एका गिऱ्हाइकाकडून सरकीची आठ पोती आणून भिंतीसारखी रचली. त्याआड आम्ही दोघं बसलो. मॅडमनी बटण दाबलं.

आवाज स्टँडपर्यंत गेला असावा. वेटोळं केळफुलासारखं उघडलं होतं आणि तांब्याचे तुकडे सरकीत जाऊन रुतले होते. मॅडमच्या केसांत सरकी, माझ्या मिशीत सरकी. प्राचार्यांचा शिपाई धावत आला, त्याने आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता परत गेला. तुकडे रुतलेल्या पोत्यातली सरकी कोणी म्हशीला घालू नये म्हणून मी त्यावर खडूने कवटी काढून ठेवली. ती अजून आहे.

दुसऱ्या वेटोळ्याला अठरा दिवस लागले. तारेचा एक थर, त्यावर काचेच्या धाग्याचं आवळून बांधलेलं वेष्टण, दोन ट्यूबा मिसळून लावायचा गोंद, मग सुकवण, मग पुढचा थर. हातात घेतलं तर रुईच्या गाठीसारखं टणक. यानेही आवाज केला, पण आतल्या आत, बंद दारामागे कोणी खोकावं तसा. मॅडमनी वहीत गणित मांडलं. एवढी वेटोळी, एवढा करंट, म्हणजे आठ टेस्ला. टेस्ला हे चुंबकाच्या जोराचं माप; स्पीकरमधलं चुंबक एक टेस्लाही भरत नाही. मी हे न्हाव्याला सांगितलं, रसवंतीवाल्याला सांगितलं आणि सोयरिकीच्या एका बैठकीत, मुलीकडच्यांनी मुलाचा पगार विचारला तेव्हा, तिथेही सांगितलं.

पापुद्रे काढायचं काम मॅडमचं. आधी मी माझ्याकडचे मोटारीचे झिजलेले कार्बन ब्रश देऊ केले. त्यांनी ते नखाने खरवडून परत दिले. ‘मिस्त्री, यात तांब्याची भेसळ आहे.’ मग चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे ओढून झाले; ते लेझरच्या ठिपक्यापेक्षा बारीक निघाले. शेवटी त्यांनी घरचा मिक्सर आणला. चांगल्या ग्राफाइटची पूड, पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड घालून तासभर फिरवायचं. थरावरून थर घसरतात आणि सुटे होतात. करडं पाणी तयार होतं. त्याचे थेंब काचेवर टाकून वाळवले की काच काळी होते.

‘सासूबाईंना काय सांगितलं?’ मी विचारलं.

‘दुरुस्तीला दिला.’

‘कोणाकडे?’

‘तुमच्याकडे.’

सासूबाई मला दोनदा बाजारात भेटल्या. दोन्ही वेळा मी भाजीच्या गाडीमागे गेलो.

तर काळी काच वेटोळ्यात ठेवली, दोन्ही बाजूंना गजांच्या काचा, लाल लेझर, पलीकडे उजेड मोजणारा डोळा आणि उजेडाची चढउतार पडद्यावर रेषेने काढणारा कॉलेजचा जुना ऑसिलोस्कोप. धक्क्याबरोबर पडद्यावर एक उंचवटा उठला. चुंबक चढलं तसा चढला, उतरलं तसा उतरला. मॅडमनी पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला, अर्धा मला दिला. पुढचे तीन महिने आम्ही तो उंचवटा मोजत होतो. पन्नासेक आलेख झाले. वीज जास्त भरली की उंचवटा उंच. सगळं रेषेत.

रविवारी आणि संध्याकाळी मी कॉलेजात. त्यामुळे दुकानात मोटारींची रांग लागली आणि मी घाई करू लागलो.

*

सर येणार होते गुरुवारी. आधीच्या रविवारी दुकानासमोर टेम्पो थांबला आणि त्यातून रोहिणखेडचे श्यामराव पाटील उतरले. मागे त्यांची मोटार, जी मी चारच दिवसांपूर्वी भरून दिली होती.

‘मिस्त्री, इकडं ये. हे गुणगुणते, फिरत नाई.’

‘पाटील, तुमच्याकडं व्होल्टेज कमी असन.’

‘शेजाऱ्याची त्याच लाइनवर चालून राह्यली.’

‘मग पंप जाम असन.’

‘पंप हातानं फिरते. मीच फिरवला.’ त्यांनी उपरण्याने मान पुसली. ‘साठ फूट विहिरीत चार गड्यांनी उतरवली, चार गड्यांनी काहाडली. मक्याच्या पाण्याच्या दोन पाळ्या हुकल्या. आता मले एकच सांग. देण्याआधी रिकामी फिरवून पाह्यली होती का?’

मी टेम्पोच्या चाकाकडे पाहिलं.

‘रिकामी असतानी जे खाते, ते तिचं सोताचं. कोणाचं वाक्य हाय हे?’

‘उस्तादाचं.’

‘मंग उस्ताद गेला, अन् वाक्यबी संगच गेलं काय बे?’

मोटार उघडली. एका फेजच्या वेटोळ्यांचा एक गट उलटा जोडला होता. म्हणजे दोन फेज पुढे ढकलत होते आणि तिसरा अर्ध्या मनाने मागे. जोड सोडवून सुलटा केला, पाटलांच्या देखत रिकामी फिरवली, तिन्ही आकडे सारखे आले. पाटील मीटरवर वाकून बघत होते. त्या क्षणी, चिमटा हातात असताना, माझ्या डोक्यात आलं की तीन महिने झाले, आम्ही मॅडमचं यंत्र एकदाही रिकामं चालवलेलं नाही.

काळी काच ठेवली होती. पण काळं न लावलेली, कोरी काच कधीच नाही.

सोमवारी मी कॉलेजात गेलो नाही. हे इथे लिहून ठेवतो. दुकानात काम आहे असं स्वतःला सांगितलं, आणि खरोखर होतं. पण खरं कारण वेगळं. मला वाटलं, मी मोटारी भरणारा माणूस, शिकलेल्या बाईला काय विचारू. त्यांनी केलंच असेल. आणि त्याच्या खाली आणखी एक कारण होतं. केलं नसेल आणि काही भलतंच निघालं, तर ते मला कळायला नको होतं. आठ टेस्लाची बातमी मी फार लांब पोचवली होती.

मंगळवारी गेलो. मॅडम सरांसाठी आलेख चिकटवत होत्या.

‘मॅडम, कोरी काच लावून पाहिली होती का?’

त्यांच्या हातातली कात्री थांबली. त्या उठल्या, खोक्यातून कोरी काच काढली, पुसली आणि वेटोळ्यात सरकवली. आम्ही पोत्यांआड बसलो.

उंचवटा उठला. तोच. तेवढाच. मॅडमनी काळ्या काचेचा आलेख त्यावर धरला. रेषेवर रेष बसली.

काचसुद्धा चुंबकात प्रकाश कलवते. पुस्तकात आहे, मॅडमना ठाऊक होतं, त्या दरवर्षी शिकवतात. फक्त काच जाड, पापुद्रा तिच्या हजाराव्या हिश्श्याहून पातळ, आणि तीन महिने आम्ही काच मोजत होतो.

‘हे तुमाले कदी सुचलं?’ मॅडम पहिल्यांदाच माझ्याशी धाडच्या बोलीत बोलत होत्या.

‘रविवारी.’

‘मंग सोमवारी काऊन नाई सांगितलं?’

‘भेव वाटलं.’

‘मले वाटत नाई का भेव? तीनच दिवस होते हातात. एक दिवस खाल्ला तुमी.’

बरोबर होतं. मॅडम पोत्यावर बसल्या, नेमक्या कवटीवर. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘सरांनी विचारलंच नाही तर?’

हा प्रश्न मी सोमवारी स्वतःला विचारून पाहिला होता, म्हणून उत्तर तयार होतं. ‘मॅडम, विहिरीत उतरवल्यावर कळतंच. मग काढायला चार गडी लागतात.’ आणि त्यांना श्यामरावांची गोष्ट सांगितली. उस्ताद गेला अन् वाक्यही गेलं का, इथे त्या हसल्या. थोडंच, आणि मनाविरुद्ध.

‘मग आता?’

‘आता मोटारीसारखं. सगळं सोडवायचं, एक-एक जोडत जायचं. काय कोणाचं आहे ते कळेल.’

*

बुधवारी मी दुकान बंद ठेवलं. आधी वेटोळं पूर्ण रिकामं, आत फक्त हवा. रेष सपाट. मग काच, उंचवटा. मग मी पीव्हीसी पाइपच्या कापाला दोन्ही बाजूंनी पातळ काच डकवून बोटाच्या पेराएवढी डबी केली. तीत नुसतं पाणी, लहान उंचवटा. साबणाचं पाणी, तेवढाच. मॅडम प्रत्येकाची नोंद करत होत्या, चेहरा पंचनाम्याला बसल्यासारखा.

‘आता काय राहिलं?’

राहिलं होतं मिक्सरमधलं करडं पाणी. ते आजवर वेटोळ्यात कधी ठेवलंच नव्हतं, कारण वाळलेला पापुद्रा हवा होता. डबी भरली. पाणी इतकं गढूळ की लेझर त्यातून जेमतेम पार होत होता. ‘गजांच्या काचा काढा,’ मॅडम म्हणाल्या, ‘आधीच उजेड नाही.’ काढल्या. मोजणारा डोळाही बाजूला केला, तेव्हा समोरच्या चुन्याच्या भिंतीवर लाल ठिपका दिसू लागला, विझत आलेल्या विडीएवढा.

मॅडमनी बटण दाबलं.

वेटोळं खोकलं आणि भिंतीवरचा ठिपका पेटला. लख्ख लाल, कुंकवाच्या टिळ्यासारखा. मग एका श्वासात हळूहळू मंद होत पुन्हा विडीएवढा झाला.

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम भिंतीकडे पाहत होत्या.

‘परत,’ त्या म्हणाल्या.

परत तेच. नुसतं पाणी भरलं, काही नाही. साबणपाणी, काही नाही. करडं पाणी, ठिपका पेटला आणि श्वासभरात विझला. या वेळी आम्ही रिकामं आधी पाहिलं होतं, त्यामुळे एकमेकांकडे बघून हसायला हरकत नव्हती.

मॅडमनी समजावलं ते असं. पाण्यात कार्बनचे पापुद्रे वाटेल तसे तरंगत असतात, कोणी आडवे, कोणी तिरपे, आणि प्रकाश अडवतात. ग्राफाइटच्या पापुद्र्याला चुंबक अंगावर घ्यायला आवडत नाही. तो कूस बदलतो आणि चुंबकाच्या दिशेला कडेने उभा राहतो. सगळे एकदम कडेने उभे राहिले की मधून वाट होते. चुंबक गेल्यावर पाण्याचे कण त्यांना धक्के देऊन पुन्हा विस्कटतात. त्याला लागतो तो श्वासभर वेळ.

‘म्हणजे खिडकीचे पडदे,’ मी म्हणालो. ‘ते ऑफिसातले, दोरी ओढली की पट्ट्या उभ्या होतात ते.’

‘तेच. दोरी तुमची, पट्ट्या माझ्या.’

‘अन् मिक्सर सासूबाईंचा.’

मिक्सरने त्याच संध्याकाळी जीव सोडला. शेवटची बाटली भरून घेताना आतून चटचट आवाज आला आणि जळक्या वार्निशचा वास. तो वास मी झोपेतही ओळखतो. ग्राफाइटमधून वीज वाहते. भांड्याखालून गळलेलं करडं पाणी मोटारीत उतरलं होतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, ‘आता खरंच दुरुस्तीला आला.’

*

गुरुवारी सर आले. उंच, शांत, पांढरा सदरा. त्यांना पोत्यांआड बसायची विनंती करावी लागली. ते बसले आणि समोरची कवटी त्यांनी निरखून पाहिली.

‘हे काय?’

‘पहिलं वेटोळं,’ मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी काळ्या काचेचा आलेख पुढे ठेवला. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, दहा सेकंद कागदाकडे पाहिलं आणि त्यांचा पहिला प्रश्न आला, ‘कोरी काच ठेवून पाहिली का?’

खोलीत सर, मी, मॅडम आणि आठ पोती. मॅडमनी फायलीतून दुसरा आलेख काढून पहिल्यावर ठेवला. ‘पाहिली, सर. हे सगळं काचेचं आहे. पापुद्र्याचं यात काही नाही.’

सरांनी चष्मा खाली आणला. ‘कोणाच्या लक्षात आलं?’

मॅडमनी माझ्याकडे हात केला. मी म्हणालो, ‘रोहिणखेडच्या एका शेतकऱ्याच्या.’

मग ठिपका दाखवला. एकदा, दोनदा, पाच वेळा. सर जमिनीवर मांडी घालून बसले आणि पांढऱ्या सदऱ्याला सरकीचे तंतू चिकटले तरी उठले नाहीत. हा शोध नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. कार्बनचे पापुद्रे चुंबकात वळतात हे जगात इतरांनी पाहिलं आहे. पण ते किती चटकन वळतात आणि किती वेळात विस्कटतात, हे अशा क्षणाच्या धक्क्याने मोजता येतं. पापुद्रा मोठा तर विस्कटायला उशीर, लहान तर लवकर. म्हणजे ठिपका विझायच्या वेळेवरून पापुद्र्याचं माप काढता येईल. एवढं नीट केलं तर प्रबंध होईल. आणि प्रकाश कलवायचं म्हणाल तर पापुद्रा कलवतो, पण ठळकपणे कलवतो तो डोळ्याला न दिसणाऱ्या, उष्णतेच्याही पलीकडच्या किरणांना. लाल लेझरमध्ये तो गुण इतका थोडा की काचेच्या गलबल्यात ऐकू येत नाही.

‘मग ते पन्नास आलेख वाया?’ मॅडमनी विचारलं.

‘वाया कसे? एका टेस्लाला अशी काच किती कलवते ते तक्त्यात दिलेलं असतं. यावरून तुमचं चुंबक मोजता येईल.’ त्यांनी खिशातून पेन काढलं आणि आलेखाच्या पाठीवर आकडेमोड केली. ‘तुम्ही आठ म्हणता. काच म्हणते, पाच आणि थोडं.’

‘पाच?’ मी म्हणालो.

‘आणि थोडं. जोड कोणी दिले?’

‘मीच.’

‘जोडांत थोडी वीज जात असेल,’ सर म्हणाले. ‘आणि गणितात मॅडमनी तार गरम होते हे धरलेलं नाही. निम्मी चूक त्यांची धरा.’

निम्मी चूक वाटून घेतली तरी तीन टेस्ला गेलेच. न्हाव्याला मी अजून सांगितलेलं नाही.

प्रबंध पुढच्या वर्षी मंजूर झाला. त्यानंतरच्या एका सकाळी डॉक्टर तायडे मॅडम दुकानात आल्या आणि काउंटरवर पिशवी ठेवली. आत मिक्सर. वर्षभर सासूबाईंना ‘मिस्त्रीकडं फार काम आहे’ एवढंच सांगितलं गेलं होतं. माझं नाव त्या घरी किती निघालं असेल, याचा हिशेब नको. मी मोटार उघडली, जुनी तार उपसली, वेटोळी मोजून नवी भरली, नवे ब्रश बसवले. मॅडम स्टुलावर बसून होत्या. मध्ये एकदा त्यांनी काहीतरी विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही. त्या समजल्या, गप्प बसल्या.

मोटार रिकामी फिरवली. चिमटा लावून आकडा त्यांना दाखवला. त्यांनीही वाकून पाहिला, पाटलांसारखा.

मग मॅडमनी पिशवीतून भांडं काढलं. घासून घासून चकचकीत केलेलं. दुसऱ्या पुडीत भाजलेले शेंगदाणे, लसूण, मीठ आणि तिखट. ‘रिकामं झालं,’ त्या म्हणाल्या. ‘आता भरून.’

मिक्सर झकास चालला. झाकण उघडलं तर चटणी लाल व्हायची ती जरा करडी दिसत होती. पात्याखालच्या वायसरमध्ये काही पापुद्रे राहिले असणार. समोरच्या हॉटेलातून चार गरम भाकरी मागवल्या आणि आम्ही ती चटणी संपवली. भांडं मी स्वतः पुन्हा तीनदा घासलं. मग मॅडम मिक्सर आणि भांडं सासूबाईंकडे घेऊन गेल्या.